बिघाड

गेल्या उन्हाळी सुट्टीत, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परत पाठविल्यावर, मी एक ॲम्प्लिफायर बांधला. पुढे व्हॉल्व्ह आणि मागे चिप, असा संकरित. वर्गात ‘स्मरणरंजन’ हा शब्द मी दूषण म्हणूनच वापरतो. विद्यार्थ्यांच्या लेखनातले जुने वाडे आणि चिंचेची झाडे निर्दयपणे खोडतो. तोच मी ईसीसी ८२ या व्हॉल्व्हसाठी पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन शनिवार हिंडलो, ही विसंगती आधीच कबूल केलेली बरी.

वडिलांचे, म्हणजे दादांचे, कराडला रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. ट्रान्झिस्टर आले, मग आयसी आले. दुरुस्तीपेक्षा नवा रेडिओ स्वस्त पडू लागला आणि दुकान मिटले. घरातला मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ १९९४ साली मीच मोडीत दिला. कॅसेट प्लेअरला जागा हवी होती. दादा काही बोलले नाहीत. तसा गोड आवाज पुन्हा ऐकला नाही, असे मी पुढे तीस वर्षे सांगत आलो.

ईसीसी ८२ च्या एका काचेत दोन ट्रायोड असतात. डाव्या-उजव्या आवाजाला एकेक. त्यांना सुमारे २०० व्होल्ट लागतात. मागची एलएम १८७५ ही पाच पायांची चिप मात्र धन-ऋण २५ व्होल्टवर वीस वॅट सहज देते. दोघांच्या मध्ये एक कपॅसिटर असतो. तो नाद पुढे जाऊ देतो आणि व्हॉल्व्हकडचा स्थिर दाब अडवितो. तो नसता तर चिप क्षणात जळाली असती. माझा पहिला आठवडा गुणगुण घालविण्यातच गेला. फिलामेंटच्या तारांना पीळ दिला, सगळ्या अर्थच्या तारा एकाच बिंदूला आणल्या, तेव्हा कुठे शांतता झाली. दादा खुर्चीत बसून पाहत होते. मध्येच एकदा ओरडले, “डावा हात खिशात!” बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये दाब उरतो आणि दोन्ही हात आत असले तर झटका छातीतून जातो, हे त्यांनी मला दहाव्या वर्षी शिकविले होते.

व्हॉल्व्ह वगळता यावा म्हणून मागे एक खटका ठेवला होता. भीमसेन जोशींचा अभंग लावला. दादांनी पाठ फिरविली, मी खटका फिरवीत राहिलो. त्यांना फरक कळेना. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर, कान थकलेले. म्हणून मग मी पाठ फिरविली. मलाही कळेना. माझ्या मांडणीत व्हॉल्व्ह आवाज वाढवीत नव्हता, जवळपास जसाच्या तसा पुढे सरकवीत होता. दुसऱ्या रात्री मांडणी बदलली आणि व्हॉल्व्हला थोडा आवाज वाढवू दिला. आता मूळ स्वराबरोबर वरच्या सप्तकातला तोच स्वर किंचित मिसळू लागला. आवाज भरला. आपण ज्याला गोडवा म्हणतो तो हाच, असे मी उत्साहाने म्हणालो.

“हा बिघाड आहे,” दादा म्हणाले. “जे आत गेले नाही ते बाहेर येते आहे. आयुष्यभर मी लोकांच्या रेडिओतले बिघाड काढले. तू पदरचे पैसे खर्चून घालतो आहेस.”

“मग आपला रेडिओ गोड का वाजायचा?”

“मोठा स्पीकर, लाकडी पेटी, मागून उघडी. आणि मीडियम वेव्हवर वरचे स्वर येतातच कुठे? कर्कश ऐकूच येत नसे.” थोडे थांबून म्हणाले, “मला तो फारसा आवडत नव्हता. उन्हाळ्यात त्याच्या मागे बसले की तोंड भाजायचे. ही चिप चांगली. तेव्हा असती तर?”

ती तेव्हा सर्वत्र असती, तर दुकान आणखी लवकर मिटले असते. हे त्यांना ठाऊक नसेल असे नाही.

“मोडीत दिला तेव्हा गप्प का बसलात?”

“किती आले ते विचारणार होतो. पण तू खर्चून टाकले असशील असे वाटले.”

नव्वद रुपये आले होते आणि मी ते खरोखरच खर्चून टाकले होते.

दोन दिवसांनी कॉलेजातून परतलो तेव्हा माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली उतरविलेला होता. दादांनी कापसात गुंडाळलेला एक ईसीसी ८२ माझ्यापुढे धरला. काचेवरची अक्षरे पुसट झाली होती. “पाय घासून घे,” ते म्हणाले, “आणि हा लावून बघ.”