बालाजी घाटाहून पलीकडे

काशीयात्रेस निघणाऱ्या मराठी कुटुंबाचा बेत बहुधा ठरलेला असतो. विश्वेश्वराचे दर्शन, अन्नपूर्णा, मणिकर्णिकेचे स्नान, पंचगंगा, बिंदुमाधव, आणि सवड उरल्यास सारनाथ. ज्या घाटांच्या पायऱ्या आपण चढतो-उतरतो त्यांच्या समोर, गंगेच्या पूर्वतीरावर, पांढऱ्या वाळूचा जो लांबरुंद पट्टा पसरलेला असतो, त्याला मात्र या बेतात क्वचितच जागा मिळते. पंढरपुरास गेलेला माणूस चंद्रभागेच्या वाळवंटात उतरल्यावाचून परतत नाही. काशीत तोच माणूस गंगेचे वाळवंट दुरूनच पाहून येतो, याचे नवल वाटते.

खुद्द काशीकरांचे तसे नाही. 'बहरी अलंग' हा त्यांचा खास शब्द. शहर पाठीशी टाकून नावेने पलीकडे जावे, कपडे धुवावेत, मनसोक्त डुंबावे, भांग घोटावी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर बाटी भाजावी, तिच्याबरोबर वांग्याबटाट्याचा चोखा खावा आणि दिवस कलता परतावे, हा बनारसी माणसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विसावा आहे. भांग सोडली तर यातील एकही गोष्ट सहकुटुंब करता येणार नाही अशी नाही. आणि अशा सहलीस निघण्यास बालाजी घाटासारखे दुसरे ठिकाण मराठी माणसास सापडणे कठीण.

बालाजी घाट पेशवाईच्या काळातला. घाटावरच्या बालाजीच्या मंदिराला एक वेगळेच भाग्य लाभले आहे. सनईला मैफलीचे मानाचे स्थान मिळवून देणारे बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांनी आपले मामा अलीबक्ष यांच्याकडे शिकत असताना याच मंदिरात वर्षानुवर्षे रियाज केला. पेशव्यांच्या देवालयात एका मुसलमान मुलाचे सूर घडले, आणि त्याच मुलास पुढे २००१ साली 'भारतरत्न' मिळाले. मुलांना हे घाटावरच सांगावे; पुस्तकात वाचण्याहून ते अधिक लक्षात राहते. शेजारचा पंचगंगा घाट हा काशीतील मराठी वस्तीचा जुना परिसर. एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली काशीतच पुरे केले, आणि त्यांचा मुक्काम पंचगंगेपाशी होता असे परंपरा मानते.

आता प्रश्न येतो तो पलीकडे का जावे याचा. याचे उत्तर एका वाक्यात देता येईल: घाटावर उभे राहून घाट दिसत नाही. पायऱ्या, छत्र्या, बुरूज आणि त्यांवर चढलेले वाडे यांची एकसंध भिंत पाहायची तर नदीपलीकडून. बालाजी घाटासमोरच्या वाळूत उभे राहिले म्हणजे डावीकडे मणिकर्णिकेचा धूर दिसतो. त्याला लागूनच शिंदे घाट. बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला तो भव्य घाट आपल्याच भाराने खचला आणि पुढे तो पुन्हा बांधावा लागला. मग नागपूरकर भोसल्यांचा घाट, जटारांचा घाट, ग्वाल्हेरकरांचा घाट, नंतर आपला बालाजी घाट, आणि उजव्या हातास पंचगंगेवरची आलमगिरी मशीद. नागपूर, ग्वाल्हेर, पुणे ही सारी एका दृष्टिक्षेपात मावतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मराठ्यांनी उत्तरेत काय केले हे इतक्या थोडक्यात सांगणारी दुसरी जागा निदान मला ठाऊक नाही.

घाट पूर्वाभिमुख आहेत. म्हणून हे दृश्य सकाळचे. त्या वेळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि समोरचा दगड न्‌ दगड उजळतो. संध्याकाळी सूर्य शहरामागे जातो व घाट काळवंडतात. तेव्हा पहाटे नाव ठरवावी आणि फटफटताना पलीकडे पोहोचावे.

ऋतूची निवड मात्र मनावर सोडता येत नाही, ती नदीनेच करून ठेवलेली आहे. वाराणसीस गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानली जाते. सप्टेंबर १९७८ मध्ये पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. कोरड्या दिवसांत तीच नदी साठ मीटरांच्याही खाली उतरते. म्हणजे चार मजली घराइतका हा चढउतार. पावसाळ्यात समोरचे वाळवंट नाहीसेच होते आणि पाणी ओसरल्यावर नवे वाळवंट बाहेर पडते. गेल्या वर्षीचा उंचवटा यंदा त्याच जागी असेलच असे नाही. काशीपाशी गंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. वळणाच्या बाहेरच्या अंगास कंकराचा उंच, टणक काठ आहे, त्यावर शहर वसले. आतल्या अंगास प्रवाह मंदावतो आणि गाळ टाकतो. पलीकडे मरणाऱ्यास गाढवाचा जन्म येतो अशी जी लोकसमजूत आहे, तिच्यामागे या पूरभूमीत कोणी घर बांधू नये असा शहाणपणा असावा असे मला नेहमी वाटते. हा माझा तर्क, शास्त्रार्थ नव्हे.

दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. कार्तिकी पौर्णिमेस देवदिवाळीची रोषणाई अपूर्व असते, परंतु गर्दीही तशीच; लहान मुले व वृद्ध बरोबर असतील तर तो दिवस टाळावा. कार्तिकात पंचगंगेवर वेळूंच्या उंच काठ्यांवर टांगलेले आकाशदीप इतर दिवशीही पाहता येतात. जानेवारीत दाट धुके पडते व पलीकडचे काही दिसत नाही. फेब्रुवारी-मार्च पुन्हा सुखाचे; एप्रिलअखेरपासून वाळू तापते आणि लू वाहू लागते.

मुले पहिल्यांदा विचारतात ते तंबूचे. वाळूत राहुटी ठोकून रात्र का काढू नये? या प्रश्नास टाळू नये, कारण काशीने तो स्वतःलाच मोठ्या प्रमाणावर विचारून पाहिला आहे. रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे सात किलोमीटरांचा गंगेचा पट्टा १९८९ साली कासवांचे अभयारण्य ठरला. नदी स्वच्छ ठेवण्यास मदत व्हावी म्हणून सारनाथच्या केंद्रात वाढवलेली कासवे नदीत सोडली जात. मार्च २०२० मध्ये या अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. २०२१ साली वाळवंटातून एक लांब कालवा खोदला गेला, तेव्हा कालवा आणि नदी यांच्यामधली वाळू काही आठवडे खरोखर बेटासारखी झाली. त्याच वर्षीच्या पुराने कालवा गाळाने भरून टाकला. जानेवारी २०२३ मध्ये वाळूवर तंबूंची एक आलिशान वसाहतच उघडली. तिचे सांडपाणी आणि नदीपात्रातील तिची जागा यांविषयी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे तक्रार गेली आणि न्यायाधिकरणाने पुढे तेथे तंबू उभारण्यास मज्जाव केला.

एका कुटुंबाची राहुटी म्हणजे वसाहत नव्हे, हे खरे. तरीही माझे मत विचाराल तर रात्र घाटाकडच्या धर्मशाळेतच काढावी. वाळूत आडोसा नाही, शौचाची सोय नाही, आणि जेथे कासव अंडी घालते तेथे आपण काय टाकून येतो हे अंधारात कळत नाही. ज्यांचा हट्टच असेल त्यांनी आधी जिल्हा प्रशासनाकडे विचारणा करावी. नावाड्याच्या 'कुछ नहीं होता, बाबूजी' या आश्वासनावर विसंबू नये.

नावाड्याशी बोलणी मात्र मोकळेपणाने करावीत. मल्लाहांना नदीचा तळ पाठ असतो. भाडे, थांबण्याची वेळ आणि परतीचा घाट हे तिन्ही आदल्या संध्याकाळी ठरवावे. परतायचे बालाजी घाटासच, हे दोनदा सांगावे. प्रत्येकासाठी तरंगते जाकीट आहे की नाही ते नाव सुटण्यापूर्वी पाहावे. पलीकडचा काठ उथळ दिसतो म्हणून मुलांना मोकळे सोडू नये. वाळू उपसलेल्या जागी एकदम खोल लागते. स्नान करायचे तर नावाडी दाखवील तेथे, कमरेइतक्या पाण्यात.

पिण्याचे पाणी घरून न्यावे. श्रद्धा आणि पचन या दोन निराळ्या गोष्टी आहेत; गंगाजल गडूत भरून घ्यावे, पेल्यात नव्हे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दुपारपर्यंत टिकते. बाटीचा बेत असेल तर गोवऱ्या, कणीक, सातू, वांगी, बटाटे, मोहरीचे तेल बरोबर घ्यावे, पत्र्याची एक जुनी परात विसरू नये. निखारे तिच्यातच करावेत, म्हणजे राख व जळके तुकडे वाळूत न राहता नावेतून परत येतात. एक जुने धोतर व चार काठ्या असल्या की सावलीची सोय होते. केळीची साले, द्रोण आणि कागद यांसाठी निराळी पिशवी हवी. ती रिकामी न्यावी व भरून आणावी.

दहा-साडेदहाला ऊन चढू लागते तेव्हा निघावे. नाव बालाजी घाटास लागली की पायऱ्या चढून गल्लीतून चौखंब्याकडे जाता येते. थंडीच्या दिवसांत तेथे दुधाच्या फेसाचा 'मलइयो' मातीच्या कुल्हडात मिळतो, परंतु तो सकाळी लवकरच. ऊन वर आले की फेस विरतो. तेव्हा त्यासाठी दुसरी सकाळ राखून ठेवावी.