सड्यावरचा हत्ती

बालदोस्तांनो, रत्नागिरी म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? हापूस आंबा, लोकमान्यांचं जन्मघर आणि थिबा राजाचा राजवाडा! मलाही तेवढंच ठाऊक होतं. पण दिवाळीच्या सुट्टीत माझी सातवीतली भाची म्हणाली, "मामा, आपण हत्ती शोधायला जाऊ या." रत्नागिरीत हत्ती? मला हसूच आलं.

सकाळीच निघालो. पावस मागे टाकलं. वाटेत एका सड्यावर डबा खायला थांबलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. जिकडेतिकडे काळा कातळ आणि वाळलेलं गवत. ऐसपैस मांडी ठोकली, तोच गुरं राखणारे एक आजोबा ओरडत आले, "अहो, उठा! चित्रावर बसलात की!"

दचकून खाली पाहिलं. डब्याखालून बोटभर रुंदीची एक रेघ गेली होती. भाचीनं हातानं गवत आणि माती बाजूला सारली. रेघ वळली, पुन्हा जुळली आणि अहो आश्चर्यम्! चांगला हातभर लांब मासा!

"आमचे म्हातारे सांगत, ही पांडवांनी काढलीत म्हणून," आजोबा म्हणाले.

या चित्रांना कातळशिल्पं म्हणतात. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून अशी शेकडो चित्रं शोधली. कशी? अशाच आजोबांना आणि गुराख्यांना विचारून! ही चित्रं हजारो वर्षांपूर्वीची आहेत. काही तज्ज्ञ तर त्यांचा काळ दहा हजार वर्षांच्याही मागे नेतात. त्यांत प्राणी, मासे, पक्षी आहेत, पण शेतीचं चित्र नाही. म्हणजे ती काढणारे लोक शिकारीवर आणि मासेमारीवर जगत असावेत. काही ठिकाणी तर गेंडाही आहे. आज कोकणात गेंडा कुठे आहे?

दुपारी राजापूर तालुक्यातल्या कशेळीला पोचलो. कनकादित्याचं दर्शन घेतलं आणि सडा गाठला. हत्ती मात्र दिसेना! एवढ्या जवळून दिसणार तरी कसा? तो आहे सुमारे 18 मीटर लांब! उन्हं कलली, रेघांत सावल्या उतरल्या, तेव्हा सोंड दिसली, मग पाठ. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. भाची कडेकडेनं चालत मोजत होती. दोनदा आकडा चुकला.

2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश झाला. त्यांत कशेळीही आहे. पण आमच्या त्या माशाचं नाव कुठल्या यादीत असणार? सड्यावर चिरेखाणी निघतात, रस्ते होतात, बागा लागतात. घराला चिरे तर लागतातच. आमचंही घर चिऱ्याचंच आहे! पण एकदा चिरा कापला गेला की त्यावरचं चित्र कायमचं गेलं.

परतताना त्या सड्यापाशी पुन्हा थांबलो. आजोबा गुरं घेऊन निघाले होते. भाचीनं त्यांना विचारलं, "आणखी कुठे आहेत हो अशी चित्रं?"

आजोबा हसले. "एवढी वर्षं कोणी विचारलंच नाही, बाय. उद्या ये, दाखवतो."

मग काय, आमचा मुक्काम एक दिवसानं वाढला! तुम्हीही सुट्टीत गावी जाल, तेव्हा आजी-आजोबांना एवढं विचाराच. आणि हो, सड्यावर बसण्याआधी खाली नीट बघा!