सुपातले दात

मुंबईच्या काळा घोडा चौकात बरीच वर्षे घोडाच नव्हता. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. चौकाचे नाव मात्र लोकांनी सोडले नाही. २०१७ मध्ये नवा घोडा आला, तोही स्वाराविना. नसलेल्या घोड्याच्या नावाने अर्धशतक पत्ता सांगणाऱ्या या परिसरात १९९९ पासून कला महोत्सव भरतो. अतिवास्तववादी चित्रे काढणारी बाई मला भेटायची, तर ती इथेच भेटायला हवी होती.

फेब्रुवारीतल्या त्या गर्दीचा ओढा मोठमोठ्या मांडण्यांकडे असतो. हिची चित्रे जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर, भिंतीला टेकवून ठेवलेली. त्यातल्या एकापुढे मी थांबले आणि बराच वेळ हलले नाही.

एक प्रौढ बाई उंबऱ्यावर बसली आहे. पुढ्यात सूप. लांबून वाटते, तांदूळ निवडते आहे. जवळ गेल्यावर दिसते की सुपात दुधाचे दात आहेत, सूपभर. बाजूला, काढून टाकलेल्या खड्यांच्या जागी, तांदळाचे चार दाणे. बाईच्या चेहऱ्यावर भीती नाही की नवल नाही. दुपारची कामे उरकतानाचा चेहरा. अंगठ्याच्या नखाला उभी चीर आहे. बांगडी वर सरकून जिथे अडते तिथे मनगटाची कातडी किंचित दबली आहे, आणि त्या दाबाखालची निळसर शीर रंगाच्या पातळ थरांतून वर आल्यासारखी दिसते.

त्या शिरेने माझी खात्री पटवली. मनगट इतके खरे होते की दातांवर शंका घ्यायला जागाच उरली नाही. हेच चित्र सैल हाताने काढले असते तर ती नुसती चमकदार कल्पना ठरली असती.

आंद्रे ब्रेतोंने १९२४ मध्ये पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिला, तेव्हा त्याला बुद्धीचा पहारा उठवून मन मोकळे सोडायचे होते. कवीला ते एक वेळ साधेल. माणूस रंगवणाऱ्याला गळ्याचे हाड जागेवर बसवावेच लागते, तिथे पहारा उठवून चालत नाही. म्हणून या वाटेने गेलेल्या चित्रकारांत मला नेहमी शिस्तीचे हातच जास्त भावतात. मॅग्रितच्या १९२८ च्या ‘द लव्हर्स’मध्ये चुंबन घेणाऱ्या दोघांचीही डोकी कापडात गुंडाळलेली आहेत, कापडाच्या चुण्या अगदी साध्या, नीट रंगवलेल्या, आणि म्हणूनच श्वास कोंडतो. कोलकात्याच्या बिकाश भट्टाचार्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, शहर नक्षलवादी उठावाने आणि दडपशाहीने हादरलेले असताना, बाहुल्यांची मालिका रंगवली. त्या बाहुल्या छळतात, कारण भट्टाचार्यांचा हात कसलेल्या वास्तववादी चित्रकाराचा होता.

आपल्याकडे या हाताची कमतरता कधीच नव्हती. मुंबईचे जेजे स्कूल ऑफ आर्ट १८५७ चे. समोर मॉडेल बसवून तासन् तास अभ्यास करणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या तिथून बाहेर पडल्या. पण त्या कौशल्याला आपण बहुधा देखणेपणाच्या कामाला जुंपले. ही चित्रकर्तीही जेजेचीच. तिने तेच कौशल्य दुसरीकडे वळवले, याचे मला मोल वाटते.

“मॉडेल कोण?” मी विचारले.

“आई.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “गावी आमचे पडलेले दात आम्ही कौलांवर टाकायचो. घर पाडलं तेव्हा कौलं उतरवली. ते दात गेले कुठे, हे काही डोक्यातून जाईना.”

शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी चित्राचा अर्थ विचारला. ती सहज म्हणाली, “निवडतेय.” त्यांना ते पुरले नाही, मला पुरेसे होते. त्या घरात लहानाची मोठी झालेली पोरे, त्यांची आई आणि उतरवलेली कौले, सगळे त्या सुपात आले होते.

पुढचे चित्र वडिलांचे आहे म्हणाली. ते शिडीवर उभे राहून कौले उतरवताहेत, पण त्यांचे हात तिला अजून जमत नाहीत. मे महिन्यात गावाकडे घरे शाकारायला माणसे चढतात, तेव्हा जाऊन ती त्यांच्या हातांची स्केचेस करणार आहे. तिचा फोन नंबर मी घेतला आहे. पावसाळ्यानंतर ते चित्र मला बघायचे आहे, आणि मी ते बघायला जाणार आहे.