ज्या अवयवाचा फोटो काढता येत नाही

ही पोस्ट लिहू की नको यात तीन आठवडे गेले. रोज दुसऱ्यांच्या घरातलं लिहिते, स्वतःचं लिहायला मात्र हात धजत नव्हता. पण परवा आपल्या तालुक्यात पुन्हा एक मोफत कृत्रिम अवयव शिबिर झालं. चौकात मोठा फ्लेक्स, मंडपात खुर्च्या, जयपूर फूट बसवून पहिली चार पावलं टाकणारे एक आजोबा आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना हसणारे नेते. बातमी मीच केली. फोटोही मीच काढला. आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

माझ्याबद्दल तुमच्यातल्या बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे. "ताईंचं ऑपरेशन झालं" एवढंच. कसलं, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आज सांगते. २०२३ च्या मार्चमध्ये माझा डावा स्तन काढला. काखेतल्या गाठीही काढल्या. मग केमो, मग रेडिएशन. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ती योजना नसती तर आमची दोन एकर द्राक्षबाग गेली असती. डॉक्टरांनी जीव वाचवला. त्यांचे उपकार आहेतच.

प्रश्न त्यानंतर सुरू झाला. टाके निघाले, डिस्चार्ज कार्ड हातात आलं. गोळ्या कधी घ्यायच्या, हाताचे व्यायाम कसे करायचे, त्या हातावर बीपी मोजू द्यायचं नाही, हे सगळं सांगितलं. पण उद्यापासून ब्लाऊजच्या आत काय घालायचं, हे कुणीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कलेक्टरला उभं करून प्रश्न विचारणारी बाई मी, पण त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही.

सुरुवातीला रुमालाची घडी घातली. ती सरकायची. मग शेजारच्या एका काकूंनी हळूच कानात सांगितलं, मलमलच्या पिशवीत मोहरी भर, वजनही येतंय आणि आकारही. भरली. महिनाभर बरी चालली. मग उन्हाळ्यात घामानं भिजून वास यायला लागला. एकदा पिशवी तशीच धुवून वाळत घातली आणि दोन दिवस विसरले. सासूबाई बघून म्हणाल्या, "अगं, हिला मोड आल्यात!" आम्ही दोघी पोट धरून हसलो. मी नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले, ते त्यांना कळलं असावं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या पेन्शनीतले पैसे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "जा, चांगलं काय मिळतंय ते घेऊन ये."

सिलिकॉनचा कृत्रिम स्तन घेतला. साडेसहा हजार. खिसा असलेल्या दोन ब्रा वेगळ्या. रोजच्या कामाला उत्तम, दोन्ही बाजूंना वजन सारखं राहिल्यानं पाठ दुखायची थांबली. उन्हाळ्यात मात्र आत घामाची धार लागते. मला वाटलं, चला, प्रश्न मिटला.

तो मिटला नव्हता, हे गेल्या डिसेंबरात कळलं.

नणंदेनं मालवणला जायचा बेत काढला. दोन गाड्या, नऊ माणसं, तीन दिवस. माझी लेक पंधरा वर्षांची. ती म्हणाली, "मम्मी, समुद्रात आपण दोघी पोहायचं." मी म्हणाले, "माझं काय नाही बाई, मी किनाऱ्यावर बॅगा सांभाळते." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला विहिरीत ढकलून देणारी तूच ना?"

खरं आहे. मी वडिलांच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकले. आठव्या वर्षी डबा सुटला. बारावीपर्यंत भावांच्या बरोबरीनं वरच्या थारोळ्यावरून मुटका मारत होते. पोरीलाही मीच शिकवलं. ऑपरेशनच्या आधी नगरपालिकेच्या तलावावर लेडीज बॅचला जायचे. पावणेतीन वर्षं पाण्यात उतरले नव्हते. कुणी विचारलं तर सांगायचे, डॉक्टर नको म्हणालेत. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. त्यांनी तर जखम पूर्ण भरल्यावर आणि रेडिएशनची कातडी बरी झाल्यावर पोहायला हरकत नाही, उलट खांद्याला चांगलं, असं सांगितलं होतं. फक्त त्या हाताला ऊन, ओरखडे आणि घट्ट काही नको. काखेतल्या गाठी काढल्या की हाताला सूज धरायची भीती कायम असते.

म्हणजे अडलं होतं ते कपड्यावर.

सांगलीला गेले. खेळाच्या सामानाच्या दोन दुकानांत बायकांचे कॉस्च्यूम बघितले. गुडघ्यापर्यंतचे, वर झालरीचा फ्रॉक. गळा खोल, काखेत कट मोठा, आत पातळ शिवलेले कप. उजव्या बाजूला ठीक, डाव्या बाजूला रिकामी वाटी. वाकलं की समोरच्याला सगळा व्रण दिसणार. घालून बघायची सोय नाही, "कॉस्च्यूमला ट्रायल नसते मॅडम". दुकानदार पोरगा भला होता, पुन्हा पुन्हा विचारत होता, "नेमकं कसं पाहिजे मॅडम?" त्याला काय सांगणार? ऑनलाइन बघितलं तर आतून खिसे असलेले खास कॉस्च्यूम परदेशी मापाचे आणि परदेशी किमतीचे. बरं, सिलिकॉनचं ते वजनदार प्रकरण ढिल्या कपड्यात घालून समुद्रात जायचं म्हणजे जिवाला घोर. नणंद म्हणाली, "वहिनी, लाटेनं नेलं तर मासेवाली उद्या टोपलीत घेऊन येईल." हसू आलं, पण भीती खरीच होती.

शेवटी गेले आमच्या शिंपीणकाकूंकडे. बाजारपेठेच्या मागच्या बोळातलं त्यांचं आठ बाय आठचं दुकान तुमच्यातल्या निम्म्या बायकांना ठाऊक आहे. वीस वर्षं त्या माझे ब्लाऊज शिवतात. ऑपरेशननंतर मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं होतं, रेडिमेड कुर्ते घालत होते. दार लोटून घेतलं आणि सांगितलं. त्या टेप गळ्यात तशीच ठेवून म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. लाजायचं काय त्यात ताई? तुम्ही नवव्या."

"नवव्या म्हणजे?"

"म्हणजे असं माप घेतलेल्या. आपल्या गावातल्या अन् आजूबाजूच्या. डाव्या नायतर उजव्या कटोरीला आतनं अस्तराचा खिसा लावून देते. नावं नाही सांगायची कुणाची."

मी मोडक्या स्टुलावर बसूनच राहिले. वीस वर्षं मी या तालुक्यात बातमीदारी करते. कुणाच्या शेतात किती टन बेदाणा निघाला, कोणत्या वॉर्डात कोण कुणाबरोबर बसलं, सगळं मला माहीत. आणि आठ बायका माझ्यासारख्या, त्याच बाजारात भाजी घेणाऱ्या, एकमेकींना ठाऊक नसलेल्या. त्यांची नोंद फक्त एका शिंपिणीच्या डोक्यात. भारतात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग सगळ्यात जास्त आढळतो, हे वाक्य मी दर ऑक्टोबरात गुलाबी फितीच्या फोटोखाली छापलं आहे. आमच्या गावात त्या बायका आहेत कुठे, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

काकूंनी काय केलं ते सविस्तर सांगते, कारण कुणाला तरी उपयोगी पडेल.

पुरुषांच्या विभागातून फुल बाह्यांचा, उंच गळ्याचा पोहायचा टॉप आणायला लावला. रॅश गार्ड म्हणतात त्याला. पुढं चेन असलेला, म्हणजे हात वर न करता घालता येतो. गडद निळा, वर पांढरी नक्षी. एकरंगी कपड्यात दोन बाजूंतला फरक पटकन दिसतो, नक्षीत तो हरवतो. बाह्या लांब, म्हणजे हाताला ऊन आणि खडकाचे ओरखडे नाहीत. एक माप मोठा, म्हणजे काखेत आवळत नाही. माझ्या जुन्या कॉस्च्यूमचं कापड कापून आतून डाव्या बाजूला खिसा शिवला, तोंड बाजूनं, वर दोन टिचबटणं. भरायला काय? बाजारातून आंघोळीची प्लास्टिकची जाळी आणली, ती उसवली, सुती दोऱ्यानं विणलेल्या वाटीत भरली. पाणी आरपार जातं, फुगत नाही, लवकर वाळतं. हलकं असल्यानं वर सरकू नये म्हणून खालच्या कडेला ती खिशाला दोन टाक्यांनी अडकवली. छातीखाली इलास्टिक लावायला त्यांनी ठाम नकार दिला. "वळ उठंल ताई. सैलच बरं."

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हेच काम जगात बायका संघटितपणे करतात. अमेरिकेत २०११ मध्ये बार्बरा डेमोरेस्ट यांनी 'निटेड नॉकर्स' सुरू केलं. स्वयंसेवक बायका असे स्तन विणतात आणि मोफत देतात, पोहण्यासाठी वेगळे जाळी भरलेलेही. भारतातही अशा विणणाऱ्या बायका आहेत. आमच्या काकूंनी यातलं काही वाचलेलं नाही. त्यांना जाळी सुचली.

काकूंनी शिलाईचे दीडशे रुपये घेतले. जाळीचे तीस.

बाकीच्या कपड्यांचंही त्यांनीच मार्गी लावलं. प्रवासाला समोर बटणं असलेले सुती कुर्ते, छातीवर चुण्या किंवा योक, रुंद पट्ट्या. ब्राचा पट्टा रुंद असला की खांद्यात रुतत नाही. ओढणी हवी तर घ्यायची, लपवायला म्हणून घ्यायची गरज नाही.

फोंडा घाट उतरून मालवणला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तारकर्लीच्या किनाऱ्यावर मी निळा टॉप घालून उभी होते आणि पाय हलत नव्हते. मग आजूबाजूला बघितलं. कुणी नऊवारीत, कुणी पंजाबी ड्रेसमध्ये, एक आजी नातवाचा हात धरून गाऊनमध्येच पाण्यात शिरलेल्या. आपल्याकडे बायका आहे त्या कपड्यांत समुद्रात जातात, हे मला इतकी वर्षं दिसत होतं. त्या दिवशी त्याचा आधार वाटला. माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं.

लेकीनं हात धरला. छातीभर पाण्यापर्यंत गेलो. पहिल्या लाटेला माझा हात आपोआप डावीकडे गेला. सगळं जागच्या जागी होतं. चार हात मारले. डावा खांदा ओढला, थांबले, पुन्हा मारले. खारट पाणी नाकात गेलं. विहिरीच्या पाण्याला चव नसते. लेक म्हणाली, "तुझा स्टाईल अजून तसाच आहे, बेडकासारखा." अर्धा तास होतो पाण्यात. बाहेर आल्यावर डाव्या बाजूनं मिनिटभर धार गळत होती, बस. खोलीवर येऊन ती वाटी गोड्या पाण्यानं धुवून दोरीवर वाळत घातली. या वेळी मोड आले नाहीत.

परत आल्यावर काकूंच्या मध्यस्थीनं त्या आठ जणींपैकी तिघी भेटल्या. एक जण काहीच घालत नाही, सपाट तशी सपाट राहते. "मला जड होतंय, अन् माझ्या नवऱ्यालाही काय वाटत नाही," म्हणाली. तिचंही बरोबर आहे. घालणं हे कर्तव्य नाही. दुसरी मात्र तीन वर्षांत एकाही लग्नाला गेलेली नाही. तिला साडीची भीती वाटते.

आता सार्वजनिक गोष्ट. जयपूर फूट १९६८ मध्ये तयार झाला. तो मोफत बसवणाऱ्या संस्था आहेत, गावोगाव शिबिरं होतात, आणि ते फार मोठं काम आहे. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा स्तन काढलेल्या बाईला कृत्रिम स्तन मोफत देते. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानं, ऑपरेशनचा खर्च देणाऱ्या विमा कंपनीला कृत्रिम स्तनाचाही द्यावा लागतो. तिथं तो उपचाराचा भाग मानला जातो. माझ्या वेळी माझ्या कागदांवर त्याचा उल्लेखही नव्हता.

परवाच्या शिबिरात मी आयोजकांना बाजूला घेऊन विचारलं, "पाय देता, हात देता, चष्मे देता, हे का नाही?" ते क्षणभर गडबडले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "ताई, देऊ की. पण त्याचं बॅनर कसं करायचं? फोटो कसला टाकायचा?"

राग आला नाही. कारण मग मला आठवलं, त्या शिबिरांचे फोटो वीस वर्षं मीच मागत आले. फोटो नसेल तर बातमी आत, दोन ओळींत. ही सवय आम्ही लावली आहे.

म्हणून विनंती. पुढच्या शिबिरात एक खोली बाजूला ठेवा, दार बंद, आत एक नर्सबाई आणि आमच्या शिंपीणकाकू. पन्नास जणी येणार नाहीत. चार आल्या तरी चालतील. फोटो नको. बातमी मी पहिल्या पानावर लावून घेते, बिनफोटोची, हा शब्द माझा.

आणि ज्या वाचताय आणि ज्यांना हे लागू आहे, त्यांनी खाली काही लिहू नका. इनबॉक्समध्ये फक्त "काकू" एवढंच लिहा. मी पत्ता पाठवते. गुरुवारी त्यांचं दुकान बंद असतं.