चाळीस वार

दिवाळीतले टिकल्यांचे पिस्तूल सोडले, तर उभ्या जन्मात मी कसलेही हत्यार चालवलेले नाही. ते पिस्तूलही दोनचार टिकल्या उडाल्या की अडकून बसे आणि उरलेल्या टिकल्या पायरीवर दगडाने ठेचाव्या लागत. अशा माणसाने बंदूक कशी निवडावी यावर लिहायला बसावे, याचे घरातल्यांना हसू आले तर नवल नाही. पण २०२४ सालच्या वसंतात एक बंदूक निवडली जाताना मी पाहिली, आणि साठ वर्षे मनात रुतून बसलेला एक काटा त्या निमित्ताने हलला. म्हणून हा खटाटोप.

आम्ही उभयता लेकीकडे गेलो होतो; अमेरिकेत, पेन्सिल्वेनियातल्या एका डोंगराळ गावी. तिचे शेजारी पंचाहत्तरीचे, एकटेच राहणारे. मे महिना आला की रानटर्कीच्या शिकारीला जायचे, हा त्यांचा क्रम वारकऱ्याच्या आषाढीसारखा कधी चुकला नव्हता. ही टर्की म्हणजे आठनऊ किलोंचा, तांब्यासारखी झाक मारणारा, नजरेचा अतिशय तिखट असा पक्षी. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन फ्रँकलिनने १७८४ साली लेकीला लिहिलेल्या पत्रात गरुडापेक्षा याचीच थोरवी गायिली आहे! त्या वर्षी मात्र म्हातारबुवांपुढे विघ्न उभे होते. हिवाळ्यात उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झालेली. वडिलार्जित बाराबोर होती, पण तिचा धक्का आता खांद्याला सोसणारा नव्हता.

"चला प्रोफेसर, माझ्याबरोबर दुकानात," ते मला म्हणाले. मी साधा शाळामास्तर; पण परदेशात बढती मिळाली तर नाही कशाला म्हणा?

दुकानदाराने आधी सगळ्यांत दांडगी बंदूक काढली. साडेतीन इंची काडतुसे खाणारी बाराबोर. "हिने साठ वारांवरचा पक्षी पडतो!" तो म्हणाला. (आपल्या नऊवारीतला वार तोच हा.)

"पक्षी पडेल, पण माझा खांदाही पडेल," म्हातारबुवा म्हणाले आणि त्यांनी वीसबोर मागितली. मी चकित. बारापेक्षा वीस मोठी नव्हे का? तेव्हा त्यांनी मला हिशेब समजावला. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक जेवढी जाड, तेवढे बाराबोर नळीचे तोंड. वीस केल्या तर वीसबोरचे. मला लगेच उमगले. तेवढ्याच बेसनाचे बारा लाडू वळले तर मोठे, वीस वळले तर लहान!

पण लहान नळीत छर्रे कमी मावणार, त्याचे काय? इथे नवे शास्त्र कामी आले. टंगस्टनचा छर्रा त्याच आकाराच्या शिशाच्या छर्ऱ्याच्या दीडपटीहून जड असतो. त्यामुळे तो मोहरीएवढा बारीक केला तरी आत घुसतो, आणि बारीक म्हणून एका काडतुसात शेकडो बसतात. मात्र अशा एका काडतुसाच्या किमतीत आमच्या घरी दोघांचे जेवण होईल! त्या किमतीत सरकारचा वाटाही असतो. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसे यांवरचा कर वन्य जीवांच्या कामी लागतो. लांब बंदुकांना आणि काडतुसांना तो ११ टक्के. जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांनी हे पक्षी कित्येक राज्यांतून नाहीसे झाले होते. ते जाळ्यात धरून नव्या रानांत नेऊन सोडले, म्हणून आज दिसतात.

टर्कीचे अंग पिसांच्या चिलखतात असते. म्हणून नेम धरायचा तो डोके आणि मान यांवरच, आणि छर्रे जायला हवेत दाट घोळक्याने. त्यासाठी नळीच्या तोंडाशी एक आवळ नळकांडे बसवतात. सोऱ्याला शेवेची चकती, चकलीची चकती बदलून लावावी, तसे तेही बदलता येते. म्हातारबुवांनी अशी दोन घेतली, थकल्या डोळ्यांसाठी लाल ठिपका दाखवणारी छोटी दुर्बीण घेतली, आणि मला वाटले, झाली खरेदी.

खरी निवड दुसऱ्या दिवशी झाली. एका माळावर त्यांनी मोठे कागद लावले. प्रत्येकावर दहा इंचांचे, भाकरीएवढे वर्तुळ. चाळीस वारांवरून बार काढला की त्या वर्तुळात निदान शंभर छर्रे हवेत, असा शिकाऱ्यांचा ठोकताळा. मोजणी अर्थातच मास्तरकडे! लाल पेन्सिलीने एकेका भोकावर खूण करीत मी मोजले. पहिले नळकांडे नापास, ८३. दुसऱ्याने १२६ मिळवले. मग तेच लावून पन्नास वारांवरून बार काढला. ६१, आणि वर्तुळात हात मावेल एवढ्या मोकळ्या जागा.

"एकसष्टही काही कमी नाहीत," मी म्हणालो. "एखादा तरी लागेलच."

"एखादा लागेल, हीच तर भीती आहे," ते म्हणाले. आणि बंदुकीच्या दस्त्यावर पांढरी पट्टी चिकटवून त्यांनी तीवर लिहिले, '४०'.

मी पेन्सिल घेऊन तसाच उभा राहिलो. मला १९६३ सालचे सावंतवाडीजवळचे रान दिसू लागले. आपल्याकडे शिकारीला बंदी आणणारा १९७२ चा कायदा तेव्हा यायचा होता. मी नऊ वर्षांचा. पुढे अण्णाकाका, त्यांच्या हाती परवान्याची बाराबोर. पलीकडच्या उतारावर रानकोंबडा निघाला. काका म्हणाले, "लांब आहे रे." मी त्यांचा सदरा ओढून म्हणालो, "मारा ना, काका!" त्यांनी मारले. कोंबडा कोलमडला, उठला आणि एक पंख ओढीत करवंदीच्या जाळीत शिरला. आम्ही अंधार पडेपर्यंत शोधला. सापडला नाही. त्या रात्री पाऊस पडत होता, आणि मी पांघरुणात जागा होतो.

हंगाम उघडला तेव्हा म्हातारबुवा मला पहाटे बरोबर घेऊन गेले. निघताना माझा लाल मफलर त्यांनी काढून ठेवायला लावला. नराचे डोके लाल, पांढरे, निळे असते. दुसऱ्या एखाद्या शिकाऱ्याची फसगत नको! एका जाड बुंध्याला पाठ टेकून आम्ही बसलो. एक ओक उन्मळून पडला होता. "तिथवर चाळीस," ते कुजबुजले. आदल्या दिवशी त्यांनी अंतर मोजून ठेवले होते. तिथे पक्ष्याच्या मागावर जायचे नाही, साद घालून बोलवायचे, असा कायदा. त्यांनी लाकडी डबीवर झाकण घासले, तशी मादीची साद उमटली. आणि धुक्यातून नराने असा काही प्रतिसाद दिला की माझ्या छातीत धस्स झाले.

तो आला. पिसारा फुलवून, ऐटीत. आणि पडलेल्या ओकाच्या पलीकडे, पाचसात वारांवर थांबला. केवढा तो जवळ वाटत होता! बंदूक खांद्याला होती. माझ्या ओठांवर तेच शब्द आले होते, "मारा ना."

मी ते गिळले. म्हातारबुवा हलले नाहीत. पाच मिनिटे तो तिथेच मिरवला, मग पिसारा मिटून रानात निघून गेला. त्यांनी बंदूक खाली घेतली, खांदा चोळला आणि थर्मासमधली कॉफी मला आधी दिली.

परतताना १२६ खुणांचा तो कागद मी मागून घेतला. तो आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. वरच भिंतीवर अण्णाकाकांचा फोटो आहे. त्यांना मी दोष देत नाही. लांब आहे, हे त्यांनी सांगितले होते. मारा म्हणणारा मी होतो.