गाण्याखालचं नाव

बिडकीनच्या आमच्या वस्तीत गाणं आधी बायकांच्या तोंडी होतं. आजी पहाटे दळायला बसायची. तिच्या आईच्या ओवीत जिथं पंढरीचा विठोबा असायचा, तिथं आजीच्या ओवीत बाबासाहेब यायचे. अंगात कोट, हातात पुस्तक, माहेरच्या भावासारखे दारात उभे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईनं घटना कुणी लिहिली ते मला जात्यावर बसून सांगितलं. माजलगावच्या भीमनगरातल्या राधाबाई बोऱ्हाडे यांच्या अशा ओव्या पुढं ध्वनिमुद्रित झाल्या. आजीच्या कुणी टिपल्या नाहीत.

वडिलांकडून, अण्णांकडून, कळला तो आंबेडकरी जलसा. भीमराव कर्डकांनी १९३०च्या दशकात नाशिककडे उभा केलेला. त्यांनी तमाशाची चौकट ठेवली, शृंगार काढून टाकला, आणि वगात पाणवठा, शाळा, मंदिरप्रवेश आणले. भाषणाला न येणारी माणसं ढोलकी वाजली की यायची, असं अण्णा सांगायचे. आमच्या पैठण रस्त्यावर हे नवलाचं नव्हतंच. तिकडे पैठणात संत एकनाथांनी चारशे वर्षांपूर्वी भारुडातून महाराला बोलतं केलं होतं. फरक एवढाच, की आता तो स्वतःच्या तोंडानं बोलत होता.

२७ जुलै १९७८ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि खेडोपाडी दलितांची घरं जळू लागली. मी लहान होतो. मोठी माणसं रात्री अंगणात बसून राहायची, आम्हाला आत निजवायची. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारलं, हे मला पहिल्यांदा कळलं ते एका गायनपार्टीच्या गाण्यातून. गायकानं गावाचं नाव घेतलं, माणसाचं घेतलं, आणि समोरच्या बाया पदर तोंडाला लावून रडल्या. आमच्यासाठी तेच वर्तमानपत्र होतं.

पुढं औरंगाबादला नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयात आलो. इथले पूर्वीचे प्राचार्य म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले होते. तिथल्या काळ्या लेखकांची ओळख त्यांनी इकडे करून दिली. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक याच शहरातलं. १९७२च्या दलित पँथरनं तर नावच ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. वसतिगृहातल्या एका मित्राकडे बिली हॉलिडेची कॅसेट होती. ‘स्ट्रेंज फ्रूट’, १९३९चं गाणं. झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांबद्दलचं. एबेल मीरोपोल या शाळामास्तरानं लिहिलेलं. मोठ्या कंपनीनं ते घ्यायला नकार दिला, तेव्हा कमोडोर या छोट्या कंपनीनं मुद्रित केलं. शब्द निम्मेच कळले. पण ती बाई ओरडत नव्हती, सावकाश एकेक शब्द ठेवत होती, आणि मला टेंभुर्णीचं गाणं आठवलं.

त्याहून जास्त शिकवलं अमेरिकी गायिका नीना सिमोननं. १९६३ला बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार मुली मेल्या. त्यानंतर तिनं ‘मिसिसिपी गॉडॅम’ केलं. चाल नाटकातल्या एखाद्या खेळकर गाण्याची, शब्द आगीचे. ते ऐकलं आणि आमचे भीमगीतकार वामनदादा कर्डक मला नव्यानं कळले. भीमगीतांना नाक मुरडणारे म्हणतात, ‘सिनेमाच्या नाहीतर कव्वालीच्या चाली.’ अहो, चाल आधीच ओठांवर असते म्हणून तर शब्द एका रात्रीत वस्तीभर होतात! ज्याच्याजवळ वाद्यवृंद नाही, आकाशवाणी नाही, छापखाना नाही, त्यानं लोकांच्या कानात आहे तेच वापरलं. ही कला आहे आणि ती अवघड आहे. नीना सिमोनवर हळहळून लिहिणाऱ्या आपल्या मासिकांनी वामनदादांच्या चालींवर किती पानं दिली? हे मला आजही सलतं.

नोकरीनिमित्त मुंबईत होतो, तेव्हा ११ जुलै १९९७ आला. घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या झोपडीत गळफास घेतला. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ची सुरुवात त्यांच्यापासून होते. दुसऱ्याचं दुःख जन्मभर गळ्यातून काढायचं, ते गळ्यातच अडकलं तर काय होतं, हे मी त्या आठवड्यात पाहिलं. मी बराच काळ कुठलीच कॅसेट लावली नाही.

आता बिडकीनला ऑरिक ही औद्योगिक नगरी झाली. रुंद रस्ते, कारखान्यांच्या पाट्या. १४ एप्रिलला डीजे लागतो, त्याच्या दणक्यात शब्द ऐकू येत नाहीत. पोरांवर मी चिडत नाही, नाचण्याचाही हक्क मिळवावाच लागला आहे. पण अण्णांच्या ट्रंकेतल्या कॅसेटींना बुरशी धरलीय. लेक एकेक रीळ कापसानं पुसते, संगणकावर चढवते, आणि मी वहीत नोंद करतो. वामनदादांचं सोपं जातं, शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतोच. बाकीच्यांचं तसं नाही. गायनपार्टी कुठली, गाणं कुणी बांधलं, हे विचारत आम्ही चितेगाव, ढोरकीन, पैठणच्या म्हाताऱ्यांकडे जातो. कुणी चाल गुणगुणतं, कुणाला नुसतं गाव आठवतं. वहीत गाण्यापुढं कवीचा रकाना आहे, तो बऱ्याच ओळींत अजून कोरा आहे. पुढच्या रविवारी ढोरकीनला जायचं आहे, तिथं एक ढोलकीवाले आहेत.