फेणे आमच्या पेठेतला

आवडत्या पुस्तकावरचा सिनेमा बघायला जाणे आणि बालमैत्रिणीच्या लग्नाला जाणे यांत फारसा फरक नाही. आहेर करायचा, जेवायचे आणि 'मुलगा काही तिला शोभत नाही' असे म्हणत घरी यायचे.

२०१७ च्या ऑक्टोबरात 'फास्टर फेणे' लागला, तेव्हा माझे असेच झाले. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, हे मला पाठ. पण लहानपणी पुणे पाहिले होते कुणी? माझा फेणे सायकल हाणायचा ती रंकाळ्याच्या काठाने, आणि चोर पळायचे ते पंचगंगेच्या शिवाजी पुलावरून. मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर दादा मोठ्याने वाचायचा. फेणेचे ते 'ट्टॉक्' आले, की जीभ टाळूला लावून असा आवाज काढायचा, की खालून आई म्हणायची, "पाल चुकचुकली गं बाई!"

पुढे वाटणीत पुस्तके दादाकडे गेली. दोन घरांमधल्या अडीच फुटी बोळावरून आमचे बोलणेही बंद झाले, त्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती.

पडद्यावर अमेय वाघ आला. पोरगा गुणी, पण चांगला दाढी करायच्या वयाचा, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला आलेला! दिलीप प्रभावळकर खुद्द भागवत झाले होते, म्हणून तिकिटाचे निम्मे पैसे मी माफ केले. शेजारची पोरे शिट्ट्या मारीत होती आणि मी दर पाच मिनिटांनी पुटपुटत होतो, "आमचा फेणे असा नव्हता."

"अहो," सौ. म्हणाली, "दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला होता, तेव्हाही तुम्ही हेच म्हणत होता!"

खरेच होते. दिग्दर्शक आदित्य सरपोतदारांचा तरी काय दोष? आमची माडी नि दादाचा आवाज त्यांना कुठून मिळणार?

रात्री दहाला बोळापलीकडची खिडकी उघडली.

"बाळ्या, पिक्चर बघितलास काय?"

"बघितला."

"ते ट्टॉक् जमलं नाही बघ त्याला."

"तुझ्यासारखं कुणाला जमणार, दादा?"

पलीकडे बराच वेळ काही हालचाल नाही. मग अंधारातून, कवळी सांभाळत, आला— ट्टॉक्!

मीही उलट काढला.

आतून सौ. म्हणाली, "पाल चुकचुकली वाटतं."